वावडें : गाजरगवताची आणि माणसाच्या कातडीची हकीकत

कोल्हापुराहून उंचगांवावरून हुपरीकडे जाणाऱ्या वाटेवर गडमुडशिंगी लागतें. करवीर तालुक्यांतील हें गांव. जवळच उजळाईवाडीचा विमानतळ आणि भोंवतीं उसाचीं शेतें. मृगाचे पाऊस पडून गेले कीं येथील बांधांवर, रस्त्यांच्या कडांना, पडक्या जागेंत आणि उकिरड्याभोंवतीं एक झुडुप दाट वर येतें. पाला गाजराच्या पाल्यासारखा कातरलेला आणि फुलें तांदळाच्या कण्यांसारखीं बारीक, पांढरीं. शाळकरी पोराला विचारलें तरी तो याचें नांव गाजरगवत म्हणून सांगेल. इतकें तें ओळखीचें झालें आहे कीं, तें या मातींतलें नव्हे असें कोणी सांगितलें तर चटकन् खरें वाटत नाहीं. परंतु १९३९ सालीं छत्रपति राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत उजळाईवाडीचा विमानतळ सुरू झाला, त्या वेळीं या भागांतल्या कोणाही जाणत्या शेतकऱ्याला हें झुडुप दाखविलें असतें, तर त्याला त्याचें नांव सांगतां आलें नसतें.

या गवताला काटे नाहींत. त्याचें पान हातीं धरलें तर बहुतेकांना कांहींच होत नाहीं. एकाच बांधावर दोन भाऊ वर्षानुवर्षें तें उपटतात. एकाला कांहीं होत नाहीं, आणि दुसऱ्याच्या पापण्या, मान व कोंपरांचे सांधे एके वर्षीं लाल होऊन खाजूं लागतात, तीं पुन्हां पुरतीं निवळत नाहींत. मराठींत अशा स्थितीला एक जुना, नेमका शब्द आहे : वावडें. कोणाला वांग्याचें वावडें असतें, कोणाला कोळंबीचें. जें इतरांना पचतें तें एकाच देहाला सोसत नाहीं, आणि त्यांत त्या देहाचा दोष नसतो, एवढें सारें त्या एका शब्दांत येतें. खाण्याचें वावडें असलेला मनुष्य तो पदार्थ पानांतून बाजूला सारूं शकतो. ज्याला आपल्याच शेतावरून वाहणाऱ्या वाऱ्याचें वावडें झालें त्यानें काय बाजूला सारावें? महाराष्ट्रांत हा प्रश्न गेल्या सत्तर वर्षांत उभा राहिला.

कातडीला खाज आणणाऱ्या वनस्पति आपल्याकडे पूर्वींही होत्याच. खाजकुइलीच्या शेंगेवरची कुसळें अंगाला लागलीं तर राजा असो वा रंक, प्रत्येकाला खाज सुटते. तेथें आवडीनिवडीचा प्रश्न नाहीं. बिब्ब्याचें तसें नव्हे. बिब्ब्याचें तेल तळपायांच्या भेगांना लावणाऱ्या आजीबाई घरोघर होत्या, आणि त्याच घरांत कोणा एकाला नुसत्या स्पर्शानें तो ‘उतत’ असे. हात सुजत, फोड येत, पाणी वाहूं लागे. बिब्बा कोणाला उततो आणि कोणाला नाहीं हें घरांतल्या माणसांना ठाऊक असे. असें कां होतें हें विचारण्याचें कारण कोणाला पडलें नाहीं. एखाद्याच्या सरळ चाललेल्या कामांत विघ्न आणण्याला ‘बिब्बा घालणें’ म्हणतात, तेव्हां या फळाची कीर्ति भाषेनेंही ओळखली होती असें म्हणण्यास हरकत नाहीं.

बिब्ब्याचा रस वाळला कीं काळा होतो आणि धुण्यानें जात नाहीं. म्हणून परीट त्यानें कपड्यांवर खुणा करीत. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकन सैनिक हिंदुस्थानांत आले, आणि त्यांच्यापैकीं कांहींच्या मानेच्या मागें, नेमक्या सदऱ्याच्या पट्टीखालीं, चट्टे उठूं लागले. लिव्हिंगुड, रॉजर्स आणि फिट्झ-ह्यू या तिघां डॉक्टरांनीं त्यावर १९४३ सालीं अमेरिकन वैद्यकसंघाच्या नियतकालिकांत निबंध लिहिला. रोगाला त्यांनीं नांवच ‘धोबीखुणेचा त्वचादाह’ अशा अर्थाचें दिलें. चट्टा खुणेएवढाच, खुणेच्याच जागीं. अमेरिकेंतल्या रानांत ‘पॉयझन आयव्ही’ नांवाची एक वेल आहे. ती आणि बिब्बा एकाच कुळांतली. आंबा आणि काजूही त्याच कुळांतले. लहानपणीं ज्यांच्या कातडीची त्या वेलीशीं ओळख झाली होती, त्यांना येथें बिब्बा भेटला. कातडी ओळख विसरत नाहीं, आणि कित्येकदां ती एका नातेवाईकाचा राग दुसऱ्यावर काढते.

बिब्ब्याचा दाह एक दोन दिवसांनीं दिसतो आणि दिवसेंदिवस टिकतो. कातडीच्या वावड्याचा दुसरा एक प्रकार आहे, तो घटकेंत येतो आणि बहुधा दिवसाच्या आंत विरूनही जातो. त्याला आपल्या घरांत ‘अंगावर पित्त उठलें’ असें म्हणतात. गांधी उठतात, खाज सुटते, ओठ वा पापणी सुजते. मग आमसुलें भिजत घालून त्याचें पाणी अंगाला लावावयाचें, हा कोंकणापासून कोल्हापुरापर्यंत चालत आलेला उपाय. सुमारें तेराशें वर्षांपूर्वीं माधवकरानें रोगांच्या निदानावर जो ग्रंथ लिहिला, त्यांत शीतपित्त, उदर्द आणि कोठ या तीन विकारांना त्यानें एक स्वतंत्र प्रकरण दिलें आहे. गांधीलमाशी चावल्यासारखी सूज, कंड, टोंचणी आणि दाह हीं लक्षणें त्यानें नोंदविलीं, आणि कारणांत पहिलें कारण थंड वाऱ्याचा स्पर्श हें सांगितलें. उदर्द थंडीच्या ऋतूंत अधिक होतो, आणि त्याचे चट्टे कडेला उचललेले व मध्यें खोलगट असतात, असेंही त्यानें लिहून ठेवलें. कफ, वात आणि पित्त यांच्या प्रकोपाची त्याची उपपत्ति आज कोणी मानो वा न मानो, ज्या वैद्यानें हें लिहिलें त्यानें रोग्याच्या पाठीवरचा चट्टा जवळून पाहिला होता आणि ‘वारा लागला कीं उठतें’ हें रोग्याचें सांगणें खरें मानलें होतें, यांत शंका नाहीं.

युरोपांत या विकाराला खाजऱ्या ‘अर्टिका’ वनस्पतीवरून ‘अर्टिकेरिया’ हें नांव मिळालें. तें रूढ करण्याचें श्रेय १७६९ सालच्या विल्यम कलेनच्या रोगवर्गीकरणाला देतात. पुढें डॉक्टरांपुढें चमत्कारिक तक्रारी घेऊन माणसें येऊं लागलीं. एकाचे हात थंड पाण्यांत घातले कीं फुगत. दुसऱ्याला पांच मिनिटें ऊन लागलें कीं उघड्या अंगावर गांधी उठत आणि सावलींत गेल्यावर मावळत. कोणाला व्यायामानें घाम आला कीं टांचणीच्या डोक्याएवढे असंख्य पुरळ येत. कोणाच्या पाठीवर नखानें रेघ ओढली तर ती दोरीसारखी वर येई. अशा माणसांना घरचे लोक नाजूक म्हणत आणि डॉक्टर चित्तविकाराचे रोगी म्हणत. अमेरिकेंत विल्यम ड्यूक यानें १९२० नंतरच्या कांहीं वर्षांत थंडी, उष्णता, प्रकाश आणि श्रम यांनीं उठणाऱ्या या विकारांचा पद्धतशीर अभ्यास केला. त्याच सुमारास लंडनमध्यें टॉमस लुईस यानें ओरखड्यानें कातडीवर लाली, भोंवतालची तांबूस झांक आणि मग फुगवटा हीं क्रमानें कशीं येतात हें तपासलें. सर्वांत नवलाची गोष्ट १९६४ सालची. शेली आणि रॉन्स्ले या दोघां डॉक्टरांनीं असे तीन रोगी वर्णिले कीं त्यांना पाण्याच्याच स्पर्शानें गांधी उठत, मग तें पाणी थंड असो वा कोमट. ज्याला आंघोळ हीच शिक्षा, त्यानें आपली कथा पूर्वीं कोणाला सांगितली असती तर ती कितीशी खरी वाटली असती?

अशा वेळीं रोग्याच्या शब्दापलीकडचा पुरावा लागतो. तो एका धाडसी प्रयोगानें १९२१ सालीं पुढें आला. ब्रेस्लाव येथील डॉक्टर क्युस्टनर याला शिजविलेल्या मासळीचें वावडें होतें. त्याच्या रक्तांतला द्रव त्याचा सहकारी प्राउस्निट्झ यानें स्वतःच्या कातडीखालीं टोंचून घेतला, आणि दुसऱ्या दिवशीं त्याच जागीं मासळीचा अर्क टोंचला. प्राउस्निट्झला मासळी निर्वेधपणें पचत असे; तरी त्या एवढ्याशा जागेवर गांध उठली. वावडें मनांत नसून रक्तांत आहे, तें एका देहांतून दुसऱ्या देहांत नेतां येतें, हें सिद्ध झालें. तें रक्तद्रव्य कोणतें हें कळण्यास मात्र आणखी पंचेचाळीस वर्षें जावीं लागलीं. अमेरिकेंत इशिझाका पतिपत्नींनीं १९६६ सालीं तें शोधलें, स्वीडनमध्यें योहान्सन व बेनिख यांनीं १९६७ सालीं. आज त्याला ‘आयजीई’ म्हणतात.

बिब्ब्यासारख्या सावकाश येणाऱ्या दाहाचा पुरावा याहूनही जुना आणि साधा आहे. योसेफ यादासोन यानें १८९५ सालीं पाऱ्याच्या मलमानें ज्याच्या अंगावर पुरळ उठत असे त्याच्या निरोगी कातडीवर तेंच औषध पट्टीखालीं लावून ठेवलें. पट्टी काढली तेव्हां तेवढ्याच चौकोनांत पुरळ होता. एक कापडाचा तुकडा, संशयित पदार्थ आणि दोन दिवसांचा धीर, एवढीच या परीक्षेची सामग्री. पुढें १९०६ सालीं व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के यानें देहाच्या या बदललेल्या वागणुकीला ‘ॲलर्जी’ असें नांव दिलें. आपला ‘वावडें’ हा शब्द त्याहून पुष्कळ जुना. पण शब्द असणें निराळें आणि परीक्षा असणें निराळें. पुण्यांत गाजरगवताचा गुन्हा सिद्ध झाला तो शब्दानें नव्हे, या पट्टीनें.

हें गवत मूळचें अमेरिका खंडाच्या उष्ण भागांतलें, मेक्सिकोच्या आखाताभोंवतालचें. लिनिअसनें १७५३ मध्येंच त्याचें ‘पार्थेनियम हिस्टेरोफोरस’ असें नामकरण केलें होतें; कूळ सूर्यफुलाचें आणि शेवंतीचें. पुण्यांत १९५० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत उकिरड्यांवर तें तुरळक दिसूं लागलें, आणि १९५६ सालीं वनस्पतिशास्त्रज्ञ आर. एस. राव यांनीं मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत भारतांतील नवी नोंद म्हणून तें प्रसिद्ध केलें. एकोणिसाव्या शतकांतले कांहीं वाळविलेले नमुने पुढें जुन्या संग्रहांत सांपडले, तेव्हां तें या देशांत अगदींच पहिल्यानें आलें होतें असें नाहीं. पण तें पसरलें तें पुण्यापासून.

तें कसें आलें याविषयीं लोकांत एकच कथा आहे. अमेरिकेनें पी. एल. ४८० च्या कायद्याखालीं गहूं पाठविला, त्या गव्हांतून बीं आलें. रेशनवरचा तो लाल गहूं आणि पुढें दुष्काळांत आलेला मिलो ज्यांनीं खाल्ला, त्यांना ही कथा पटण्यासारखीच आहे. तारखा मात्र थोड्या अडचणीच्या आहेत. तो कायदा १९५४ सालचा आणि भारताशीं त्याचा पहिला करार झाला १९५६ च्या ऑगस्टमध्यें. पुण्याच्या उकिरड्यावर तें झुडुप त्यापूर्वींच उभें होतें. अमेरिकेचा गहूं त्याआधींही, १९५१ च्या धान्यकर्जाखालीं, आला होता; त्याबरोबर बीं आलें असणें अधिक संभवनीय. कायद्याचें नांव चुकीचें धरलें म्हणून कथाच खोटी ठरते असें नव्हे. लोकांनीं गवताला ‘काँग्रेस गवत’ म्हटलें, त्याचींही दोन कारणें सांगतात. कोणी त्या काळच्या सरकाराकडे बोट दाखवितो, कोणी पांढऱ्या टोप्यांकडे. गवताला राजकारण ठाऊक नव्हतें. एका झुडुपाला पंधरा वीस हजार बीं येतें, तें हलकें असतें, गुरें त्याला सहसा तोंड लावीत नाहींत, आणि त्याच्या मुळांतून व पानांतून उतरणारीं द्रव्यें शेजारच्या रोपांची वाढ खुंटवितात. वाळूच्या ट्रकांतून, कडब्याच्या गाड्यांतून, पाटाच्या पाण्यांतून आणि रेल्वेच्या रुळांकडेनें तें निघालें तें दोन दशकांत देशभर झालें. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यांत त्याला पाणी आणि मोकळे बांध दोन्ही मिळाले.

गवतामागून रोग आला. पण तो गवताचें नांव घेऊन आला नाहीं. पुण्यांत आणि आसपास १९६० नंतरच्या दशकांत त्वचारोगतज्ज्ञांकडे एका तऱ्हेचे रोगी वाढूं लागले. बहुतेक प्रौढ वयाचे, बाहेर उघड्यावर काम करणारे, मुलें क्वचितच. आणि बायकांपेक्षां पुरुष पुष्कळ अधिक. खुरपणी तर आपल्याकडे बायकांच्याच वांट्याला येते, तेव्हां ही गोष्ट चमत्कारिकच होती. चेहरा, पापण्या, मानेच्या घड्या, कोंपरांच्या आणि गुडघ्यांच्या लवणी लाल, खरखरीत आणि सदैव खाजणाऱ्या. पावसाळ्यांत झुडुपें वाढलीं कीं विकार चेते आणि थंडींत कांहींसा मंदावे. रोगी स्वतः ‘उष्णता’ म्हणत, ‘रक्त बिघडलें’ म्हणत, ‘पित्त’ म्हणत, आणि पथ्य म्हणून अंडीं, वांगीं, लोणचें सोडून देत. बिचाऱ्यांनीं जेवण सोडलें; वारा कोण सोडणार?

पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांचे सहकारी डॉ. जोग यांचें लक्ष या गवताकडे गेलें. त्यांत तर्काचा एक सुंदर भाग आहे. उन्हानें येणारा पुरळ उन्हाच्या जागीं येतो; हनुवटीखालीं, कानामागें आणि वरच्या पापणीच्या घडींत ऊन पोंचत नाहीं, म्हणून त्या जागा सुटतात. या रोग्यांच्या नेमक्या त्याच जागा धरल्या होत्या. जें कारण सावलींत आणि घडींत शिरतें तें ऊन नव्हे, तें हवेंतून उडणारें कांहीं तरी असलें पाहिजे. झाडाच्या पानावर आणि खोडावर बारीक लव असते. झाड वाळलें कीं तिचा चुरा धुळीबरोबर उडतो आणि घामानें ओल्या झालेल्या घडींत बसतो. पानाचा अर्क पाठीवर पट्टीखालीं ठेवला, दोन दिवसांनीं पट्टी काढली, आणि यादासोनच्या पट्टीनें जें पाऱ्याविषयीं सांगितलें होतें तेंच तिनें गाजरगवताविषयीं सांगितलें. कॅनडांतले मिचेल आणि लंडनचे कॅल्नन यांच्या सहकार्यानें लोणकर यांचा निबंध १९७४ सालीं लंडनच्या सेंट जॉन्स रुग्णालयाच्या त्वचारोगमंडळाच्या नियतकालिकांत आला. लोणकर, नागसंपगी प्रभृतींनीं या गवतांतील ॲलर्जीकारक द्रव्याविषयींचा निबंध १९७६ मध्यें प्रसिद्ध केला. पुण्याच्या उकिरड्यावरचें झुडुप आतां जगांतील त्वचारोगाच्या पाठ्यपुस्तकांत गेलें.

दोषी द्रव्याचें नांव पार्थेनिन. तें लवेंत सांठलेलें असतें. कातडीला लागलें कीं तें कातडीच्या प्रथिनांना चिकटून बसतें, आणि देहाचे रक्षक पेशी त्या जोडगोळीला परका शत्रु समजून ओळखून ठेवतात. पहिल्या भेटींत कांहीं दिसत नाहीं. कित्येकांच्या बाबतींत वर्षें लोटतात. म्हणून ‘इतकीं वर्षें हेंच गवत उपटीत आलों, तेव्हां कांहीं झालें नाहीं’ हा रोग्याचा आक्षेप खरा असतो आणि तरी निरर्थक असतो. ओळख पटावयास वेळ लागला एवढेंच. एकदां पटली म्हणजे ती बहुधा आयुष्यभराची. पुढें कांहीं रोग्यांत याहून कठीण प्रकार होतो. कातडी उन्हालाही भिऊं लागते, आणि मग गवतापासून दूर गेलें तरी दिवसाचा उजेड सोसत नाहीं. शिवाय सूर्यफूल आणि शेवंती हीं त्याच कुळांतलीं. ज्याच्या देहाला पार्थेनिनचें वावडें झालें त्याला पुष्कळदां शेवंतीही सोसत नाहीं. देवघरांतल्या शेवंतीच्या हारानें किंवा घरांतल्या सुनेच्या वेणीनें म्हाताऱ्याचे डोळे सुजावे आणि कोणाच्या तें ध्यानींही येऊं नये, असें कोल्हापुराकडल्या घरांत सहज घडण्यासारखें आहे. परागामुळें शिंका आणि दमा होणारे रोगी निराळेच. त्यांच्यावर बंगळूरच्या संशोधकांनीं पुढें काम केलें.

या विकारानें जगणें कसें होतें याचा विचार दवाखान्यांत बसून पुरता येत नाहीं. शहरांतल्या रोग्याला डॉक्टर ‘गवतापासून दूर राहा’ म्हणतो, आणि तो निदान घर बदलूं शकतो. गडमुडशिंगीसारख्या गांवांतल्या शेतकऱ्याचें घर म्हणजे त्याचें शेत. तें बदलतां येत नाहीं. उसाला पाणी पाजावयास रात्रीं जावें, म्हणजे ऊन तरी नसतें; लांब बाह्यांचा सदरा घालावा, तोंडाला ओलें फडकें बांधावें, घरीं आल्याबरोबर कपडे बाहेर काढून अंग धुवावें, आणि तेच कपडे दुसऱ्या दिवशीं न धुतां घालूं नयेत. हें सारें सांगण्यास सोपें आहे. घरांत एकालाच त्रास असतो तेव्हां बाकीच्यांना तें अंमळ थोतांड वाटतें. ‘आम्हांला कां होत नाहीं?’ हा प्रश्न त्याला रोज ऐकावा लागतो, आणि त्याला उत्तर देण्याइतकें शास्त्र त्याच्याजवळ नसतें.

याहून एक वाईट गोष्ट आहे. जुनाट रोग्याच्या चेहऱ्याची आणि कानांची कातडी जाड, काळसर होते आणि तिला घड्या पडतात. महारोगांतही चेहरा असाच दिसूं शकतो. दोहोंचें हें साम्य डॉक्टरांनींही नोंदविलें आहे. शेजाऱ्यांना त्यांतला भेद कळत नाहीं. ज्या रोगाचा एका माणसाकडून दुसऱ्याकडे तिळमात्रही संसर्ग होत नाहीं, त्याच्यासाठीं माणसाचा पेला निराळा ठेवला जातो आणि मुलीच्या सोयरिकीच्या बोलण्यांत कुजबूज होते. पट्टीच्या परीक्षेचा उपयोग येथें औषधाहूनही अधिक आहे. पाठीवरचा तो लाल चौकोन घरच्या माणसांनीं डोळ्यांनीं पाहिला, कीं वांग्यालोणच्याचें खोटें पथ्य सुटतें आणि वेगळा पेलाही फडताळांत परत जातो.

औषधें आहेत. स्टेरॉइडचीं मलमें आणि गोळ्या खाज तत्काळ थांबवितात. पण गोळ्या वर्षानुवर्षें घेतल्या तर हाडें, रक्तदाब आणि साखर यांवर त्यांचा बोजा पडतो, आणि औषध बंद होतांच विकार पूर्वींहून जोरानें येतो. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील त्वचारोगतज्ज्ञांनीं अझाथायोप्रिन हें औषध या रोगांत वापरून पाहिलें, आणि स्टेरॉइडवांचून कित्येकांना दीर्घकाळ आराम पडूं शकतो असें दाखविलें. तेंही रक्ताची तपासणी चालू ठेवूनच घ्यावें लागतें. घटकेंत उठणाऱ्या गांधींवर चालणाऱ्या गोळ्या येथें फारशा उपयोगी पडत नाहींत. त्यांनीं फार तर झोंप लागते, आणि दुकानांतून त्याच गोळ्या पुनःपुन्हां आणून रोगी फुकट पैसे घालवितो.

गवताशीं सरळ लढण्याचे प्रयत्नही झाले. कर्नाटक सरकारनें १९७५ सालींच त्याला शेतीचा शत्रु म्हणून कायद्यानें घोषित केलें. कायद्यानें गवत हटलें नाहीं. बंगळूरच्या फलसंशोधन संस्थेनें मेक्सिकोहून ‘झायगोग्रामा’ जातीचे भुंगे आणविले आणि १९८४ च्या सुमारास ते मोकळे सोडले. पिंवळसर पाठीवर तपकिरी रेघा असलेला हा चिमुकला भुंगा आणि त्याच्या अळ्या गाजरगवताचीं पानें खाऊन झुडुप उघडें करतात. कांहीं वर्षांनीं सूर्यफुलाच्या शेतांत हे भुंगे दिसल्यावर शेतकऱ्यांत मोठी घबराट झाली. कूळ एकच, तेव्हां शंका अगदींच निराधार नव्हती. पुढें चौकशी झाली आणि मुख्य अन्न गाजरगवतच असल्याचें दिसून आलें. टाकळ्यासारख्या वनस्पति मोकळ्या जागेंत आधींच पेरून ठेवल्या तर गवताला जागा मिळत नाहीं, हा दुसरा उपाय महाराष्ट्रांतही करून पाहण्यांत आला. जबलपूरची तणसंशोधन संस्था दर वर्षीं ऑगस्टच्या १६ पासून २२ तारखेपर्यंत गाजरगवत निर्मूलनाचा सप्ताह पाळते. पण आपल्याकडे तोंवर पुष्कळ झुडुपांना फुलें आलेलीं असतात, आणि फुलावर आलेलें झुडुप उपटणें म्हणजे परागाची पूड अंगावर पाडून घेणें.

म्हणून ज्या घरांत असा एखादा रोगी आहे तेथें हें काम त्याच्या हातून होतां कामा नये, आणि तें ऑगस्टपर्यंत थांबतांही कामा नये. पहिल्या पावसानंतर दोन तीन आठवड्यांत रोप वीतभर असतें, माती मऊ असते, फुलाचा पत्ता नसतो. ज्याला वावडें नाहीं अशा भावानें हातमोजे घालून तें मुळासकट काढावें आणि वाळल्यावर जाळण्याऐवजीं, धुराची व चुऱ्याची पीडा टाळण्यासाठीं, ओलेंच खड्ड्यांत पुरावें. भुंग्याचेंही वेळापत्रक हेंच आहे. थंडी व उन्हाळा तो जमिनींत पडून काढतो, आणि रोहिणी-मृगाचे पाऊस झाले कीं वर येतो. त्याच पावसानें त्याच मातींतून गाजरगवताचीं पहिलीं दोन पानें वर आलेलीं असतात.